सोलापूरकरांनी खोल समुद्रातले पक्षी बघायला कसं शिकायचं

पहिल्या समुद्रफेरीत मी नऊ तासांत दोनच पक्षी धड बघितले. बाकीचा वेळ बोटीच्या मागच्या बाजूला जाळ्यांच्या ढिगावर डोकं टेकून पडलो होतो. एक खलाशी अधूनमधून येऊन माझ्यात धुगधुगी आहे का ते बघून जायचा. बरोबरची मंडळी "तीनवर! तीनवर!" म्हणून ओरडत होती आणि मला काही केल्या कळेना, की सकाळचे नऊसुद्धा वाजले नाहीत तर हे तीन कसले सांगतायत. या लेखातल्या निम्म्या सूचना त्या एका दिवसाची कमाई आहेत.

आधी कोणत्या पक्ष्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. किनाऱ्यावर दिसणारे बगळे किंवा बंदरात मासळीवर तुटून पडणारे कुरव हे नव्हेत. जे पक्षी जमिनीवर फक्त अंडी घालायला आणि पिल्लं वाढवायला येतात आणि उरलेलं आयुष्य पाण्यावर काढतात, ते. शिअरवॉटर, पेट्रेल, स्टॉर्म पेट्रेल, स्कुआ, बूबी, फ्रिगेट, ट्रॉपिकबर्ड, सूटी टर्न. नावं इंग्रजीच ठेवलीत, कारण बोटीवर सगळे हीच वापरतात. आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची गावोगावची नावं जमवली. पण नाव पडायला तो पक्षी कुणाच्या तरी रोजच्या नजरेत यावा लागतो. आपल्याकडे तलावातल्या चांदव्याला लोक वारकरी म्हणतात. शिअरवॉटर ना शेतातून दिसतो, ना घाटावरून.

हे पक्षी पाणी काय पितात, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. समुद्राचंच. डोळ्यांच्या वर कवटीच्या खोबणीत त्यांना मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं जास्तीचं मीठ त्या गाळतात आणि ते दाट खारट थेंबांच्या रूपात नाकावाटे बाहेर पडतं. पेट्रेल-शिअरवॉटरच्या चोचीवर नाकपुड्यांची चक्क नळी असते. या गटाला वासही जबर येतो, अंधारातसुद्धा तेलकट वासाचा माग काढत ते भक्ष्यापर्यंत पोचतात. सूटी टर्नचं पिल्लू एकदा बेटावरून उडालं की कित्येक वर्षं जमिनीला पाय लावत नाही. त्याची पिसं पाण्यात भिजतात, त्यामुळे पाण्यावर बसून निवांत राहण्याचीही सोय नाही. आपल्या देशात लक्षद्वीपमधल्या पिट्टी या ओसाड बेटावर सूटी टर्न आणि ब्राउन नॉडीची वीण होते. आयुष्यही लांब. पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली पायात कडी घातलेली विस्डम नावाची अल्बट्रॉस मादी २०२४ च्या अखेरीस पुन्हा अंड्यावर बसली होती. तेव्हा तिचं वय सुमारे ७४ वर्षं होतं.

आता शिकायला सुरुवात. समुद्र साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब असला तरी पहिली पायरी घरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे.

पहिली पायरी: हिप्परगा, दुर्बीण पिशवीत

समुद्रात पक्षी कधी फांदीवर बसून दर्शन देत नाही. दोनशे-तीनशे मीटरवर, लाटेच्या आड अर्धा लपलेला, चार-पाच सेकंद दिसतो आणि गेला. तेवढ्यात रंग शोधत बसलात तर हाताला काही लागत नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या गर्दीत आपण आपला मामा कसा हुडकतो? त्याने कोणता शर्ट घातलाय हे आठवत नसतं. एक खांदा खाली टाकून चालायची त्याची ढब लांबून दिसते आणि आपण हाक मारतो. समुद्रपक्षी असाच ओळखायचा. चाल आधी, रंग नंतर.

म्हणून हिवाळ्यात सकाळी हिप्परग्याच्या बांधावर जाऊन बसा आणि पहिला अर्धा तास दुर्बीण बाहेरच काढू नका. नदी सुरय (सुरय म्हणजे टर्न) पाण्यावरून जाताना मान खाली घालून असतो, पंख संथ पण जोरकस, आणि मासा दिसला की सूर मारून धप्पकन पाण्यात. कल्लेदार सुरय त्याच्याहून लहान, हलका. तो सूर मारायच्या भानगडीत फारसा पडत नाही, वरच्यावर चोचीने पाणी टिपत जातो. कुरवाचं उडणं रुंद पंखांचं, आळसावलेलं. पाणकावळा मान ताणून, पंख न थांबवता, कुठेतरी पोचायची घाई असल्यासारखा सरळ जातो. ब्राह्मणी घार पंख पसरून तरंगते. वहीत चारच गोष्टी लिहा: पंख किती भरभर हलतात, मध्ये किती वेळ तरंगतो, पाण्यापासून किती उंच आहे, पाण्याला कसा भिडतो. पंधरा-वीस सकाळी एवढं केलंत की पाचशे मीटरवरचा ठिपकासुद्धा बोलायला लागतो.

दुसरा सराव शहरातच होतो. जुन्या इमारतींच्या छताखाली, पुलाखाली पाकोळ्यांची घरटी असतात. काळपट, विळ्यासारख्या पंखांचा इवलासा पक्षी आणि शेपटीच्या वर पांढरा पट्टा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल लांबून जवळजवळ असाच दिसतो, फक्त समुद्रावर. संध्याकाळी पाकोळ्यांचा थवा चिरचिरत फिरत असताना त्यातली एकच पाकोळी दुर्बिणीत धरायची आणि मिनिटभर सुटू द्यायची नाही. पहिल्या दिवशी पाच सेकंदही जमणार नाही, मानही दुखेल. हे जमलं, की बोटीवरची निम्मी लढाई जिंकली.

दुसरी पायरी: दुर्बीण आणि हलणारी बोट

८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्या. दुकानदार दहापटीची गळ्यात मारायला बघेल, नको म्हणा. बोटीवर दहापट मोठा पक्षी म्हणजे दहापट हलणारा पक्षी. टेलिस्कोपचा बोटीवर शून्य उपयोग, तो किनाऱ्यासाठी ठेवा. दुर्बिणीत पाणी शिरणार नाही याची खात्री करून घ्या, कारण समुद्रात ती भिजणारच.

हलत्या बोटीचा सराव उजनीवर होतो. भिगवणच्या बाजूला, कुंभारगावात, मच्छीमार आपल्या होड्यांतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. रोहित बघा, जरूर बघा, पण परत येताना सगळं लक्ष सुरय आणि कुरवांवर ठेवा. कोपरं बरगड्यांना चिकटवा, गुडघे किंचित वाकवून सैल सोडा, हलायचं ते कमरेखाली. आणि पक्ष्यावरची नजर न हटवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची सवय लावा. आपण बहुतेक जण उलटं करतो: आधी खाली वाकून दुर्बीण शोधतो, मग डोळ्याला लावून आकाशभर पक्षी शोधत बसतो.

तिसरी पायरी: पावसाळ्यात रत्नागिरी

बोटीवर जाण्याआधी एकदा किनाऱ्यावरून समुद्र बघा. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि एरवी खोल पाण्यात राहणारे पक्षी तो किनाऱ्याकडे ढकलतो. ब्रायडल्ड टर्न, मास्क्ड बूबी, फ्रिगेट, नशीब असेल तर शिअरवॉटर. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरला की रत्नागिरी. रत्नदुर्गाच्या दीपगृहाजवळ उंचावर, वारा कुशीवर घेता येईल अशी आडोशाची जागा धरा. खालच्या खडकांवर अजिबात जाऊ नका. पावसाळी लाट दहा मिनिटं गप्प असते आणि अकराव्या मिनिटाला माणूस नेते.

आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी उजेड पाठीमागून येतो आणि पक्ष्याचा रंगही कळतो. दुपारनंतर सगळं पाणी चकाकतं, सगळेच पक्षी काळे. सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत बसा, मग पोटपूजेला जा. टेलिस्कोप क्षितिजाच्या जरा खाली लावून डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवायचा. सलग दोन तास काहीही न दिसण्याची तयारी ठेवा. हे काम रब्बीच्या राखणीसारखं आहे, बसून राहणाऱ्याचंच.

चौथी पायरी: बोट

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि कोळीबांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मग होड्या लोटतात. आपला हंगामही तिथूनच सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात चांगले: समुद्र बऱ्यापैकी शांत झालेला असतो, दक्षिणेकडचे पक्षी अजून गेलेले नसतात आणि उत्तरेकडचे यायला लागलेले असतात.

कुठून निघायचं याला भूगोलाचं कारण आहे. किनाऱ्यापासून उथळ तळ जिथे संपतो आणि समुद्र एकदम खोल होतो, त्या कडेवर खालचं अन्नद्रव्य वर येतं, मासळी जमते आणि पक्षीही. मुंबईसमोर हा उथळ पट्टा २०० किलोमीटरहून रुंद आहे. एका दिवसात तिथे जाऊन परत येणं बोटीला जमत नाही. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. म्हणून पक्षीनिरीक्षकांच्या फेऱ्या गोवा, कर्नाटक, केरळच्या बंदरांतून जास्त निघतात. सोलापूरकराला कर्नाटकातलं, उडपीजवळचं मलपे बंदर बरं पडतं: रेल्वेने विजापूरवरून हुबळी, तिथून बसने घाट उतरून उडपी. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना कन्नड येतंच. तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, त्याच्या भाषेत चार शब्द बोललात तर तो बोट वळवतो, हा माझा अनुभव आहे.

स्वतःच्या मनाने कुठलीही बोट ठरवून निघू नका. मासेमारी बोटीवर प्रवासी न्यायला परवानगी लागते. आधी अशा फेऱ्या केलेल्या अनुभवी गटाबरोबर जा. बंदरावर कळवलेलं आहे का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, बोटीवर वायरलेस चालू आहे का, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. विचारताना लाज वाटू देऊ नका. आधार कार्ड जवळ ठेवा. हवामान खात्याने मच्छीमारांना इशारा दिला असेल तर फेरी रद्द, त्यावर वाद नाही.

आता मळमळ. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या आणि ती बोटीत चढण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी माशांच्या पोटात जाते. या गोळ्यांनी बऱ्याच जणांना झोप येते, म्हणून एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. आदल्या रात्री जागरण नको, तेलकट नको. बोटीवर उपाशीपोटीही राहू नका. माझ्या मते समुद्रासाठी आपल्या कडक भाकरीइतकं चांगलं खाणं नाही: कोरडी, टिकाऊ, तुकडा तोडून चघळत राहता येते. शेंगा चटणी मात्र परतीच्या वाटेसाठी ठेवा. पहिल्या फेरीत मी पहाटे बंदरावर भाकरी, चटणी आणि वर दही असं सगळं चापून गेलो होतो, त्याचं पुढे काय झालं ते वर सांगितलंच. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. उभं राहायचं ते बोटीच्या मधल्या भागात, डिझेलच्या धुरापासून लांब, नजर क्षितिजावर. केबिनमध्ये जाऊन पडणं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो तपासत बसणं, हे दोन हमखास आजारी पडायचे मार्ग आहेत.

सामान थोडकं. टोपीला दोरी, लांब बाह्यांचा शर्ट, पाणी भरपूर, प्लास्टिकच्या दोन-तीन पिशव्या आणि गळ्यात आपला सोलापुरी टॉवेल. खाऱ्या पाण्याचे तुषार सतत उडतात आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसलंत की मिठाचे कण त्यावर कायमचे ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने भिंग ओलं करा, मग टिपा.

बोटीवर

बोट म्हणजे आडवं ठेवलेलं घड्याळ समजा. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, बारावर, उजवी बाजू तीनवर, मागची सहावर, डावी नऊवर. पक्षी दिसला की नाव सांगायच्या नादी लागू नका. "दोनवर, पाण्यालगत, डावीकडे चाललाय" एवढं मोठ्याने सांगा. ओळख नंतर सगळे मिळून पटवतात. तुम्ही नवखे म्हणून गप्प बसलात तर तेवढ्या बाजूचे पक्षी कुणालाच दिसत नाहीत.

समुद्र सगळीकडे सारखा दिसतो पण नसतो. पाण्यावर फेसाची आणि वाहत्या कचऱ्याची लांबच लांब रेघ दिसली की तिथे दोन पाणी भेटतायत असं समजा. त्या रेघेवर तरंगणारे ठिपके नीट बघा. चिमुकले पक्षी पाण्यावर बसून गरागरा स्वतःभोवती फिरत असतील तर ते लाल मानेचे फॅलारोप. फिरण्याने खालचं पाणी वर ओढलं जातं आणि त्यातले बारीक जीव ते टिपतात. उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड प्रदेशात वीण करून हे पक्षी हिवाळा काढायला अरबी समुद्रात येतात. जाता-येता कधीमधी देशावरच्या एखाद्या तलावावरही उतरतात, तेव्हा सप्टेंबरात हिप्परग्यावर गेलात तर पाण्याच्या मध्यावर नजर टाकायला विसरू नका. (यांच्यात अंडी नर उबवतो. मादी अंडी घालून मोकळी.)

मग शिअरवॉटर. ताठ पंख पसरून एका कुशीवर कलतो, पंखाचं टोक लाटेला टेकेल असं वाटतं, मग उसळून वर, वळून दुसऱ्या कुशीवर, पुन्हा खाली. पंख क्वचितच हलतात. ही जादू वाऱ्याच्या फरकाची आहे. पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर जोरात. वाऱ्याकडे तोंड करून वर चढायचं, जोर साठला की पाठ फिरवून घसरायचं, खालच्या मंद हवेत वळायचं, पुन्हा वर. वारा असेल तेवढं आयतं इंधन. म्हणून शांत दिवशी शिअरवॉटर पाण्यावर बसलेले सापडतात आणि वारा सुटला की पक्षी आणि आपल्या पोटाचे हाल, दोन्ही वाढतात. गडद रंगाचे दोन जास्त भेटतात. फ्लेश-फूटेडची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी, अंगाने भरीव. वेज-टेल्डची चोच करडी, शेपटी लांब, उडणं हलकं. तिसरा पर्शियन शिअरवॉटर लहान, पोट पांढरं. तो भराभरा पंख मारतो, थोडा तरंगतो, पुन्हा भराभरा.

स्कुआ म्हणजे समुद्रातला टपोरी. तो स्वतः कष्ट कमी करतो, सुरयांच्या पाठीमागे लागून त्यांना इतका छळतो की बिचारे गिळलेला मासा ओकून टाकतात, आणि तो हवेतच झेलतो. सुरयांचा थवा एकाएकी फुटला की त्यात गडद, दणकट पाठलागखोर शोधा. पोमरीन स्कुआच्या शेपटीतून मधली दोन पिसं चमच्यासारखी बाहेर आलेली असतात, पण हिवाळ्यात ती बऱ्याचदा नसतात. तेव्हा नावावर अडून बसू नका. "स्कुआ, कोणता ते माहीत नाही" अशी नोंदही चांगली नोंद असते.

सगळ्यात जवळून बघायला मिळतो तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल. बोट थांबवून मासळीचे टाकाऊ तुकडे आणि तेल पाण्यात सोडलं की पाण्यावर तेलकट पट्टा पसरतो. पंधरा-वीस मिनिटं काही घडत नाही. मग वाऱ्याच्या खालच्या अंगाने एक काळा ठिपका येतो, वासाच्या मागावर. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. माझ्या दुसऱ्या फेरीत एक पेट्रेल बोटीपासून हातभर अंतरावर आला. पंख वर उचलून धरलेले, लांब काटकुळे पाय खाली सोडलेले, आणि तो पाण्यावर अक्षरशः चालत होता. टप टप टप, एक पाऊल, दुसरं, लाट आली की तिच्यासकट वर, चोचीने तेलाचा थेंब टिपला, पुन्हा टप टप. क्षणभर पाय वळला आणि बोटांमधला पडदा दिसला, हळदीसारखा पिवळा. वजन साधारण ४० ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे. तो जन्मतो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर किंवा तिथल्या थंड बेटांवर, आणि तिकडे हिवाळा सुरू झाला की अरबी समुद्रापर्यंत येतो. शेपटीवरचा पांढरा पट्टा नसेल, अंग सगळं काळपट आणि शेपटी दुभंगलेली असेल, तर तो स्विन्होज स्टॉर्म पेट्रेल, कोरिया-जपानकडच्या बेटांवरचा. लगेच सगळ्यांना ओरडून सांगा.

नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर समुद्रात दर तासाला नवी यादी सुरू करा, कारण तासाभरात बोट कितीतरी पुढे गेलेली असते. फोनचं जीपीएस रेंज नसतानाही चालतं, बंदर सोडण्याआधीच ते सुरू करून ठेवा.

दमलेला पक्षी सापडला तर

पावसाळ्यात कोकणच्या वाळूवर बूबी किंवा शिअरवॉटर बसलेला दिसतो, आणि चक्रीवादळानंतर समुद्रपक्षी आत, देशावरही फेकले जातात. तेव्हा हे सोलापुरातही उपयोगी पडेल. लोक मायेने त्याला परत पाण्यात फेकतात, ते करू नका. तो दमून, उपाशी होऊन बाहेर आलेला असतो, बुडून मरेल. दूध, पाव, भात, चोचीत जबरदस्तीने पाणी, काहीही नाही. हातमोजे घाला, अंगावर टॉवेल टाकून पंखांसकट हळूच उचला आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. पेट्रेल-शिअरवॉटर घाबरले की पोटातलं घाण वासाचं तेल अंगावर टाकतात, तेव्हा तोंड लांब ठेवा. बूबीची चोच भाल्यासारखी असते आणि तो नेमका डोळ्यांवर मारतो. त्याचं डोकं मागून धरावं लागतं, पण चोच चिकटपट्टीने किंवा रबराने बांधू नका. बूबीच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात, तो तोंडानेच श्वास घेतो. चांगल्या हेतूने चोच बांधलेला बूबी खोक्यातच गुदमरतो.

मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी ठेवून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. खोक्यावर पक्षी सापडल्याची जागा, तारीख आणि वेळ पेनने लिहा. पायात कडी असेल तर तिचा आकडा वाचता येईल असा फोटो काढा, आणि वनविभागाचा माणूस येईपर्यंत सारखं झाकण उघडून बघू नका.